दर मंगळवारी, मांजरीच्या पुढे

नवरा निवृत्त झाला की दिवसभर पायात पायात येतो, अशी आमच्या नारायण पेठेत घरोघरी तक्रार आहे. माझी तक्रार उलट होती. आमचे हे, म्हणजे गोपाळकृष्ण, पोस्टातून निवृत्त झाले आणि दर मंगळवारी सकाळी घरातून नाहीसे व्हायला लागले.

आधी माणूस कसा आहे ते सांगते, म्हणजे माझा संशय हवेतला नव्हता हे कळेल. या माणसाने एका कामासाठी कधी घर सोडलं नाही. दळण टाकायला निघाले तर वाटेत विजेचं बिल, चपलेचा अंगठा, येताना मंडईतून कोथिंबीर, असा सगळा बेत उंबऱ्याच्या आत ठरलेला असायचा. लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला गेलो, तेव्हासुद्धा वाटेत वाईला उतरून त्यांनी साहेबांच्या मुलीची लग्नपत्रिका एका घरी पोचती केली होती आणि मी नव्या शालूत एसटी स्टँडवर बसून होते. फिरायला जाणं हा प्रकारच त्यांना मान्य नव्हता. "कुठे जायचंय ते सांग. नुसतं फिरायचं काय?" असं म्हणायचे.

आणि हाच माणूस एका मंगळवारी ज्या मोटारसायकलवरून जन्मभर पोस्टात गेला ती पुसून, बूट घालून निघाला आणि थेट जेवायच्या वेळेला उगवला.

"कुठे गेला होतात?"

"मांजरीच्या पुढे."

"हडपसर सोडून पार मांजरी गावाच्या पुढे? काय काम होतं?"

"काम नाही. उगीच."

आता तुम्हीच सांगा, यावर कोणती बायको विश्वास ठेवेल? पुरुष काही नाही म्हणाला की काहीतरी आहे असं समजावं, असं माझी आई म्हणायची, आणि माझ्या वडिलांच्या बाबतीत तिचं एकदाही चुकलं नाही. मी लक्ष ठेवायला लागले. यांच्या पँटला कुसळं चिकटलेली असायची. म्हणजे रस्त्यावरून हे आत कुठेतरी उतरत होते. आंघोळीला जाताना शीळ वाजवायचे. एका मंगळवारी तर कागदात बांधून गुळाचा खडा आणला.

"काय भावाने घेतला?" मी विचारलं.

"घेतला नाही. गुऱ्हाळावरच्या माणसाने दिला."

"असाच?"

"असाच."

चाळीस वर्षांत पुण्यात मला कोणी असाच चुना दिला नाही, आणि यांना गूळ! मी तो डब्यात ठेवला, पण चहात घातला नाही.

हिंजवडीला नोकरी करणाऱ्या आमच्या अस्मिताला फोन केला, तर ती हसायला लागली. "अगं आई, राइडला जातात ते. आमच्या ऑफिसमधले अर्धे लोक वीकेंडला तेच करतात. चिल ना."

"तुमच्या ऑफिसातले लोक घोळक्याने जातात, जाकिटं घालतात आणि गेल्याचे फोटो जगाला दाखवतात," मी म्हटलं. "हे एकटे जातात आणि कोणाला काही दाखवत नाहीत."

तिला लगेच फोन ठेवायचा होता. मीटिंग आहे म्हणाली.

स्पष्टच लिहिते. मला वाटलं, बाई आहे. या वयात कसली बाई, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण मंगळवारी जेवायला बसल्यावर त्यांचा चेहरा इतका निवांत दिसायचा, आणि तो निवांतपणा माझ्यामुळे आलेला नाही एवढं मला कळत होतं. तेच मला सोसवत नव्हतं. बाई असती तरी एक वेळ भांडता आलं असतं.

शेवटी एका सोमवारी भाजी निवडता निवडता मी म्हणाले, "उद्या मी पण येते."

मला वाटलं दचकतील. तर हे म्हणाले, "ये की. अस्मिताचं जुनं हेल्मेट काढून ठेव." इतक्या चटकन हो म्हणाले, तेव्हाच माझी खात्री पटली की उद्या मला भलत्याच रस्त्याने नेणार.

हडपसरपर्यंत जी काय धूळ आणि हॉर्न खायचे ते खाल्ले. मांजरीत उसाच्या मधोमध उंच इमारती उभ्या आहेत आणि कुंपणावर विलायती नावं लिहिली आहेत. ती वस्ती मागे पडली, नदीचा पूल ओलांडला आणि रस्ता बारीक झाला. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच बाभळी, कुठे कांद्याचं रोप. समोरून उसाने भरलेला ट्रॅक्टर आला. चालवणाऱ्याने हात वर केला, यांनीही केला.

"कोण तो?"

"माहीत नाही."

"मग हात कशाला केलात?"

"त्याने केला म्हणून."

मी डोक्यात नोंद केली. हे गाडी अगदी हळू चालवत होते. पोस्टात जाताना हाच माणूस सिग्नलला करवादायचा, आता पाठीवरूनसुद्धा सैल दिसत होता. कुठल्याशा गुऱ्हाळाचा गोड वास आला, ऊन कोवळं होतं, वारा पदराशी खेळत होता. मग एक लांब उतार लागला. यांनी इंजिन बंद केलं आणि गाडी आपली आपण घरंगळू दिली. चाकांखाली बारीक खडी तेवढी वाजत होती.

"ऐक," हे म्हणाले.

"काय ऐकू? काहीच नाही."

"हो ना. तेच."

मला आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं. आणि आवडलं म्हणूनच संशय आणखी बळावला. इतकं सुख असताना इतके महिने मला एकदाही विचारलं का नाही?

उतार संपला तिथे एक वळण आहे. वळणावर लिंबाचं झाड, झाडाखाली शेंदूर फासलेला खंडोबा, पलीकडे तुरे आलेला ऊस. यांनी गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि उसाकडे बघत उभे राहिले.

"इथे येता?"

"इथेच."

"आणि काय करता?"

"हेच."

मी चहूकडे नजर फिरवली. घर कुठे आहे, खिडकी कुठे आहे, ते बघत होते. आणि बाई आली! उसातून बाहेर आली. पण सत्तरीची, नऊवारीचा काचा मारलेली आणि हातात विळा. तिने यांना आपादमस्तक बघितलं, मग मला.

"ओ पाव्हणं," ती म्हणाली, "आज बायकूला बी जमीन दावाय आणली व्हय?"

हे गोंधळले. "नाही हो. जमीन कसली?"

"दर मंगळवारी येता, हुबं ऱ्हाता, बगता अन् जाता. म्या तुळजाबाई हाय, ह्या रानाची मालकीन. कुना बिल्डरचं एजंट हाय तुमी? माज्या पोरास्नी चोरून भेटता ना?"

"मी उगीच येतो," हे म्हणाले. "बरं वाटतं म्हणून."

"उगीच कोन येतं?" तुळजाबाई म्हणाली.

माझाच प्रश्न होता, फक्त विळ्यासकट. तिने मग सगळं सांगितलं. शेजारच्या तीन रानांचं प्लॉटिंग झालंय. प्रत्येक वेळी आधी असाच एक मोटारसायकलवाला येतो, रस्त्याला उभा राहून बघतो. मग चारचाकी येते. मग कागद, मग जेसीबी. तिची मुलं विकायला टपलेली आहेत आणि तिला रान ठेवायचंय. रस्त्यावर कोणी बिनकामाचा थांबला की ती विळा घेऊन बाहेर येते. खरं सांगते, मला तिचं पटलं. तिच्या जागी मी असते तर केव्हाच दगड मारला असता.

"मी शपथ घेतो," हे म्हणाले.

"गडी मानसाची शप्पथ नगं. माज्या दिरानं ह्याच देवाफुडं भंडारा उचलला, अन् आठ दिसांत रान इकून मोकळा झाला." तिने देवापुढची हळदीची पूड आणि दोन बेलाची पानं उचलून तळहातावर घेतली आणि हात माझ्यापुढे धरला. "बाई, तू उचल. म्हन, माजा नवरा हितं उगीच येतो, त्याच्या पोटात दुसरं काय बी न्हाई. खोटं निगालं तर तुज्या कुकवावर. उचलत नसशील तर ह्या रस्त्याला पुन्यांदा दिसायचं न्हाई. म्या गावाला सांगून ठिवीन."

यांनी माझ्याकडे पाहिलं. खिशात तिकीट असलेला माणूस तपासनिसाकडे बघतो ना, तसे अगदी निर्धास्त. आता ही उचलेल, बाईचं समाधान होईल आणि आपला मंगळवार आपल्याला मिळेल.

माझा हात पुढे गेला नाही.

आमचं कुलदैवत जेजुरीचं. घरी मी देवापुढे लहानसहान खोटं बोलते, पण भंडारा हातात घेऊन नाही, आणि ते यांच्या जिवावर तर मुळीच नाही. जमिनीवर यांचा डोळा नाही हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण दुसरं काय बी न्हाई? गूळ आठवला, शीळ आठवली. मला शपथेवर सांगता येईल असं या माणसाबद्दल काय माहीत आहे, असा विचार आला. समोर यांचा चेहरा बदलत होता. आधी त्यांना कळलं नाही. मग कळलं. संशय एकट्या तुळजाबाईला नाही हे त्यांना तिथे, उन्हात, परक्या बाईसमोर कळलं.

मग मला तो उतार आठवला. "हो ना, तेच," म्हणतानाचा यांचा आवाज आठवला. असा आवाज काढून कोणाला खोटं बोलता येत नाही, यांना तर नाहीच. मी भंडारा उचलला. तिने सांगितलं तसं शब्दन् शब्द म्हटलं.

तुळजाबाई माझ्याकडे टक लावून बघत होती. मग तिने विळा खाली ठेवला.

"आता मला खरं वाटतं," ती म्हणाली. "झटदिशी उचलला असतास तर म्हनले असते, शिकवून आनलीया. तुला इचार करावा लागला." मग यांच्याकडे वळून म्हणाली, "या हो पाव्हणं. हुबं ऱ्हावा कवा बी. पर त्या पलीकडच्या बांदाला, म्हंजी मला दिसाल."

परत निघालो. उतार आता चढ झाला होता, इंजिन घुरघुरत होतं. पुलाच्या अलीकडे त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि पुढे बघतच म्हणाले, "हेमा, तू थांबलीस."

"हो."

"का?"

मी खाली उतरले आणि सगळं सांगितलं. कुसळं सांगितली, शीळ सांगितली, बाई सांगितली. मला बोलावलं नाहीत याचं वाईट वाटलं, तेही सांगितलं.  माझं संपल्यावर ते म्हणाले, "तुला बोलावलं असतं तर तू विचारलं असतंस, कशाला. मला उत्तर येत नव्हतं."

मग ते माझ्याकडे वळले.

"म्हणजे हे सगळं मनात घेऊन तू माझ्या मागे बसली होतीस?"

"हो."

"आणि मी तुझी कंबर दुखते म्हणून येताना एकेक खड्डा चुकवत होतो."

मला तिथेच रस्त्याच्या कडेला बसून रडावंसं वाटलं. हळदीचा हात पदराला पुसत मी विचारलं, "राग आला का हो?"

"आला," ते म्हणाले. "बस."

मी बसले. तिथून नारायण पेठेपर्यंत त्यांनी एकही खड्डा चुकवला नाही.