दोन्हीकडं चालेल असं काही

मिलिंद काविळीनं गेला, हे मला ऑफिसातल्या फोनवर कळलं. फोन ठेवला आणि हातातलं काम तसंच पुढे करत राहिलो... तीन आठवडे झाले, अजून रडू आलेलं नाही.

तो तिसगावचा, मी नगरचा. कॉम्प्युटरच्या कोर्सला एका बाकावर बसायचो. पुढे एका ट्रस्टच्या दवाखान्याला पेशंटच्या नोंदींचा प्रोग्राम हवा होता, तो दोघांनी मिळून करायचं ठरलं. दवाखान्याच्या ऑफिसात विंडोजचं मशीन, लॅबमध्ये देणगीत आलेलं युनिक्सचं. मी म्हणालो, व्हिज्युअल बेसिक घेऊ, स्क्रीन झटपट होतात. त्याला जावा ही नवी भाषा हवी होती. "तुझं लवकर व्हईल रे, पन लॅबमधी चालायचंच न्हाई. जावात एकदा लिहिलं की दोन्हीकडं चालतंय." वाद मिटेना. शेवटी दोघांनी आपापला नमुना दाखवायचा आणि ट्रस्टनं निवडायचा, असं ठरलं.

जावाला मेमरी जास्त लागायची. "जास्तीची रॅम तेवढी बसवून ठेव," असं त्यानं आदल्या दिवशी मला सांगितलं, कारण मशीन माझ्या ताब्यात होतं. रॅम माझ्या बॅगेतच राहिली. त्याचा प्रोग्राम उघडेपर्यंत ट्रस्टींचा चहा संपला. एक जण शेजाऱ्याला म्हणाले, "कोट्यातले दिसतात." मिलिंदनं ऐकलं. मीही ऐकलं, आणि माझा प्रोग्राम सुरू केला.

काम मला मिळालं. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "रॅम बसवली हुती ना?"

"विसरलो."

"व्हय," एवढंच म्हणाला. विसरलो नव्हतो, हे त्याला कळलं होतं. हळूहळू त्याचं येणं थांबलं. माझा प्रोग्राम लॅबमध्ये कधीच चालला नाही. तिथल्या बाई रिपोर्ट हातानं लिहीत, ऑफिसात ते पुन्हा टाइप होत. त्यात एकदा एका बाळंतिणीचा रक्तगट चुकला... ऐनवेळी नर्सच्या लक्षात आलं, म्हणून ती वाचली. त्या दिवशी तिसगावला जाऊन मिलिंदची माफी मागावी, असं वाटलं. गेलो नाही.

गेलो ते त्याच्या पुण्यानुमोदनाला, मृत्यूनंतरच्या बुद्धवंदनेला. "तुमी नगरचे दोस्त ना? लई नाव घ्यायचा तुमचं," त्याची आई म्हणाली. आतल्या खोलीत धाकटी बहीण पुठ्ठ्यावर पेनानं काढलेल्या कीबोर्डवर बोटं चालवत होती. घरात कॉम्प्युटर नाही, म्हणून त्यानं तिला असं टायपिंग शिकवलं होतं.

"दादा म्हनला हुता, पुढचं तुमी शिकवताल."

तिला खरं सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे. मी नुसती मान डोलावली. ती पुन्हा पुठ्ठ्याकडे वळली. बोटं न बघता अचूक पडत होती, आणि अक्षर कुठेच उमटत नव्हतं.