म्युझियममधला कौल

मुंबईत शिकायचं तर मावशीच्या घरी राहून, नाहीतर नाही, असं बाबांनी सांगून टाकलं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा आधी खाणीवर ट्रक चालवायचे. खाण बंद पडल्यावर त्यांनी धारगळला हायवेच्या कडेला भाजीचं दुकान घातलं, आणि तिथं दिवसभर आई बसते. म्हापशाच्या कॉलेजात इतिहास घेऊन माझी पदवी पुरी होत आली होती. पुढे मला पुरातत्त्व शिकायचं होतं आणि मला हवा होता तो अभ्यासक्रम मुंबईत होता. हॉस्टेलचं काही खरं नव्हतं. राहता राहिली मावशी.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, लग्न होऊन मुंबईला गेलेली. चवथीला ती गावी आली होती तेव्हा गणपतीसमोर बसून सगळ्यांच्या देखत म्हणाली होती, "पाठव गं हिला माझ्याकडे. आमच्या पोरीला सोबत होईल." गणपतीसमोर बोललेला शब्द, म्हणून आईनं तो पक्का धरला. मे महिन्यात आम्ही दोघी मुंबईला निघालो. सांगायला मुंबई बघायची सुट्टी होती. खरं काम एकच होतं, आईनं मावशीला तो शब्द पुन्हा विचारायचा.

निघताना आईच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. आमच्याकडे कुठलंही मोठं काम देवीला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव देवीच्या पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला पाण्यात भिजवलेली एकेक पाकळी चिकटवतो आणि आपलं गाऱ्हाणं देवीला सांगतो. मग सगळ्यांनी गप्प बसून वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हा कौल. मी कॉलेजात जायचं की नाही हे अशाच पाकळीनं ठरलं होतं. मावशीचं मुंबईचं स्थळही कौल घेऊनच ठरलं होतं, आणि त्या वेळी तिच्या शेजारी हात धरून आई बसली होती. पण आम्ही निघालो तेव्हा गुरवाच्या घरात सुतक होतं. कौल मिळाला नाही.

"इचारून निघाक होया होता," आई गाडीत बसल्यावरही म्हणत होती.

आईनं मावशीसाठी मानकुराद आंबे नेले होते. दुकानात विकायला येतात त्यातले नव्हे, आईच्या माहेरच्या झाडाचे, एकेक हातानं उतरवलेले. मावशीनं पेटी उघडली, दोन आंबे वर करून बघितले आणि म्हणाली, "डाग पडलेत गं ताई. इकडे असे कोणी खात नाही." संध्याकाळी तिची कामवाली निघाली तेव्हा ती पेटी तिच्या हातात होती. आईनं बघितलं. म्हणाली, "चांगले लागतले तिका." मानकुरादला डाग असतातच, हे मावशीला माहीत नव्हतं असं नाही. ती त्याच झाडाखाली वाढली होती.

पुढचे दिवस आई वेळ शोधत होती. सकाळी मावशीला घाई असायची, दुपारी ती झोपायची, संध्याकाळी काका घरी यायचे. मी डोळ्यांनी विचारलं की आई म्हणायची, "इचारतंय गो. वेळ बघून इचारूक होया." मधल्या काळात मावसबहीण माझ्याशी बोलायची ती बहुतेक माझे शब्द उचलण्यासाठी. मी खिडकीला चुकून जनेल म्हटलं, तर तिनं मैत्रिणीला फोन लावला आणि मला म्हणाली, "परत म्हण ना, प्लीज. हिला ऐकायचंय." मी म्हटलं. मला वाटलं, तिला आवडलं असेल.

म्युझियमला जायचा हट्ट माझा होता. मावशी म्हणाली, "चला, एकदाचं तेही होऊन जाऊ दे. तिथून जेवायला जाऊ, मग खरेदी." त्या दिवशी आईनं ठेवणीतली साडी नेसली आणि घरून ओल्या फडक्यात बांधून आणलेली अबोलीची फाती केसात माळली.

पहिला तासभर मी सुखात होते. पुस्तकात अंगठ्याएवढ्या चित्रात बघितलेली मूर्ती खरी केवढी असते ते मला तिथं कळलं. मी आईला सांगत होते, हा दगड कुठला, ही वेशभूषा कुठल्या काळातली, आणि आई प्रत्येक मूर्तीसमोर हात जोडत होती. मावशी आणि बहीण मागून येत होत्या. बहिणीचा फोन हातात होता.

एका दालनात काळ्या पाषाणाची महिषासुरमर्दिनी होती. काचेत नव्हती, नुसत्या चौथऱ्यावर. खाली पाटीवर लिहिलं होतं, कोकणातून आणलेली. आई तिच्यासमोर थबकली. आमच्या देवीसारखीच होती ती, तेवढीच, तोंडावर तशीच झीज.

"हिका फूल कोण घालता गो?" आईनं विचारलं.

"कोणच नाय, आई. म्युझियम मा हां."

"म्हणजे उपाशीच?"

मी हसले आणि पुढच्या दालनात ताम्रपट बघायला गेले. मावशी बाकावर बसली होती.

थोड्या वेळानं ओरडणं ऐकू आलं. "ओ बाई! हात लावायचा नाही! कळत नाही का?" मी धावत आले. आई मूर्तीच्या समोर चवड्यांवर उभी होती, हातात पाण्याची बाटली. देवीच्या दोन्ही खांद्यांवर अबोलीची एकेक पाकळी चिकटवलेली होती. पाण्याचे ओघळ दगडावरून खाली आले होते. रखवालदार तिच्या अंगावर गेल्यासारखा उभा होता, आणि आई एक हात वर करून त्याला सांगत होती, "थांबा मरे. पडांदे. आता पडतली."

"काय पडतली?" रखवालदारानं विचारलं.

"पाकळी."

भोवती माणसं जमली. कुणीतरी हसलं. एका बाईनं आपल्या मुलाला इंग्रजीत सांगितलं की असं कधी करायचं नसतं. मला आई काय विचारत होती ते कळलं. सुतक नसलेली देवी तिला इथं सापडली होती. मावशीला विचारायचं धाडस होत नव्हतं, म्हणून ती आधी देवीला विचारत होती.

"कोणाबरोबर आलाय तुम्ही?" रखवालदार म्हणाला. "कोण आहे यांच्याबरोबर?"

आईनं मावशीकडे बघितलं. मावशी बाकावरून उठली होती. ती जवळ आली आणि मी स्वतः बघितलं, तिनं पहिल्यांदा पाकळ्यांकडे बघितलं. आधी उजव्या खांद्याकडे, मग डाव्या. कुठली सैल झालीय ते गावची कुठलीही बाई बघते तसं. मग ती रखवालदाराला म्हणाली, "सॉरी हां. गावाकडची आहे. घरकामाला आणलीय आम्ही. तिला काही समजत नाही यातलं."

"मग सांभाळून आणायचं ना मॅडम."

"हो, हो. पुढच्या वेळी घरीच ठेवू."

रखवालदारानं खिशातून फडकं काढलं आणि देवीचे खांदे पुसले. दोन्ही पाकळ्या एकदमच गेल्या, उजवी आणि डावी. आई त्या फडक्याकडे बघत राहिली. मी तिचा हात धरला तर तो ओला आणि गार होता. मी म्हणाले, "ही माझी आई आहे." पण तोवर रखवालदार दुसऱ्या कुणाला तरी फ्लॅश बंद करायला सांगत होता.

तिथून आम्ही खरंच जेवायला गेलो. ठरलं होतं म्हणून. मावशीनं इराण्याकडे नेलं, कारण आम्ही गोव्याची माणसं, आम्हाला पाव आवडणार. मावसबहिणीनं म्युझियममधला व्हिडिओ टेबलावर सगळ्यांना दाखवला. तिनं सुरुवातीपासून घेतला होता. आई केसातून पाकळी खुडते तिथपासून. म्हणजे ओरडणं सुरू होण्याच्या आधीपासून ती बघत होती आणि काही बोलली नव्हती.

"थांबा मरे, पडांदे," बहीण आईच्या आवाजात म्हणाली. तिला तो आवाज छान जमत होता.

मावशी हसून हसून पाणी प्यायली. "ताई, आता या पावाला लाव पाकळी. विचार, मस्का खाऊ की नको."

आईसुद्धा हसली. हसताना तिनं पावाचा तुकडा मोडला, चहात बुडवला आणि तो चहातच पडला. तो बोटानं काढायचा की चमच्यानं, हे तिला कळेना. शेवटी तिनं तो चहा प्यायलाच नाही.

व्हिडिओ दुपारपर्यंत घरच्या ग्रुपवर गेला होता. सगळ्या मामेभावांनी हसरी तोंडं टाकली. त्यांच्या खाली बाबांचंही हसरं तोंड होतं. दुकानात गिऱ्हाईक असताना बाबा आवाज बंद करून व्हिडिओ बघतात. त्यांना वाटलं असेल, मुंबईत मजा चाललीय.

खरेदीला मावशीला चपला घ्यायच्या होत्या. तिनं आईच्या हातात पिशव्या दिल्या आणि एकामागून एक चपला घालून बघू लागली. दुकानदार चांगला माणूस होता. तो मावशीला म्हणाला, "मॅडम, तुमच्या बाईंना स्टूल देऊ का बसायला?"

"द्या," मावशी म्हणाली.

आई स्टुलावर बसली. मांडीवर पिशव्या. केसात अबोलीची फाती, मधून दोन पाकळ्या खुडलेली. बहिणीनं मला एक टीशर्ट अंगाला लावून दाखवला, म्हणाली, "तुला छान दिसेल. पण तू घालणार कुठे, भाजी विकताना?" तिनं तो परत ठेवला.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी आईला काही विचारावंच लागलं नाही. भाजी निवडताना मावशी स्वतःच म्हणाली, "ताई, हिला खुशाल ठेव इथं. आमची बाई पुढच्या महिन्यात सोडून चाललीय. सकाळची भांडी, थोडा केर, एवढं करील ती, मग जाईल कॉलेजला. घरचं माणूस म्हणजे बरं, बाहेरच्यांवर नजर ठेवावी लागते." तिनं हे अगदी मायेनं सांगितलं. तिच्या मते ती शब्द पाळत होती.

मी आईकडे बघितलं. मला भांडी घासायचं काही वाटत नव्हतं. घरी मी घासतेच. मला तो अभ्यासक्रम हवा होता, त्याच्यासाठी मी केरही काढला असता. हे मी त्याच वेळी बोलायला हवं होतं की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही.

आई शेंगेची शीर ओढत होती. म्हणाली, "कौल घेवन कळयतंय."

बहीण आतून ओरडली, "आता कुठल्या म्युझियममध्ये?" आणि मायलेकी कितीतरी वेळ हसत होत्या.

पेडण्याला गाडीतून उतरलो तेव्हा गुरवाचं सुतक फिटलं होतं. पहिल्याच सोमवारी आई मला घेऊन देवळात गेली. बाबा दुकान सोडून येऊ शकले नाहीत. देवळात गुरव, आई आणि मी, एवढेच. गुरवानं पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं घातलं, की ह्या लेकराक शिकूक मुंबयक भयनीकडे पाठवचा की नाय, देवी आई, तुझा काय मन असा ता सांग.

आम्ही वाट बघत बसलो. मी मनात देवीला सारखं म्हणत होते, भांडी घासेन. केर काढेन. जनेल म्हणणार नाही.

उजवी पाकळी पडली. अलगद नव्हे, टपकन, जशी ती कधीपासून तयारच होती. डावी तशीच चिकटून. गुरव खुशीत म्हणाला, "घे बाये. एकदम दिल्यान." त्यानं ती पाकळी उचलून प्रसाद म्हणून माझ्या ओंजळीत घातली. मी आईकडे वळून हसले. आई देवीकडे बघत होती, म्युझियममध्ये त्या फडक्याकडे बघितलं होतं तशी.

वाटेभर मी बोलत होते, कुठले कागद लागतील, कधी निघायला हवं, हे सगळं. आई पुढे चालत होती.

दुकानावर बाबा वालीच्या शेंगा मोजत होते. त्यांनी मान वर केली. "काय म्हटल्यान?"

"डावी पडली," आई म्हणाली.

बाबांनी तागडी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावरचा भार उतरलेला मला दिसला. "देवीन नको म्हटल्यान तर नको," ते मला म्हणाले. "हयच शीक गो. मुंबय खंय पळान जाता?"

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. कमरेचा पदर खोचून ती दुकानात शिरली, आपल्या जागी बसली आणि समोर थांबलेल्या गाडीवाल्याला मानकुरादचा भाव सांगू लागली. गाडीवाला म्हणाला, डाग आहेत. आई म्हणाली, "डाग असतातच. नको तर ठेवा."

माझी मूठ मिटलेली होती. त्यात ती पाकळी होती. घरी जाईपर्यंत ती घामानं तळव्याला चिकटून बसली होती, आणि सोडवायला गेले तर फाटली.