जिलबीचा सोमवार

आयर्लंडमधल्या गॉलवेच्या आमच्या कारखान्यात निवेदिता व्हेंटिलेटरचे व्हॉल्व्ह तपासते. तपासण्यात इतकी चोख, की सुपरवायझरसुद्धा "ग्रँड, ग्रँड" म्हणत तिच्यापासून चार हात लांब राहतो. हा चोखपणा वडिलांचा. मुरलीधरकाका नागपूरला पोस्टात होते, पण जीव सगळा विलायती गाण्यांत. खरखरणारा रेडिओ घेऊन बापलेक गच्चीवर बसायचे. एकच गाणं इंग्लंडात आणि अमेरिकेतही त्या आठवड्याच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं, की घरात जिलबी यायची. अट एकच, दोन्हीकडचे निकाल कळल्याशिवाय जिलबी नाही. अंदाज चालत नाही.

ती इकडे आली तरी खेळ सुरूच राहिला. इंग्लंडचा निकाल शुक्रवारी, अमेरिकेचा सोमवारी, आणि दोन्ही वेळा फोन. जिलबी काका एकटेच खायचे, वर हिला दाखवून खायचे.

२०२१च्या मे महिन्यात काकांना कोरोना झाला. दवाखान्यात ऑक्सिजन मिळाला, व्हेंटिलेटर मिळेना. इथे दिवसभर त्याच यंत्राचे व्हॉल्व्ह हिच्या हाताखालून जात होते. जायचं म्हटलं तर तिकीटही मिळेना. "मी काय करू गं?" कॅन्टीनमध्ये ती मला विचारायची.

शुक्रवारी तिच्या भावाने, आशिषने, काकांसमोर व्हिडिओ कॉल धरला. काकांनी मास्क जरा बाजूला केला.

"सांग ना वं पोरी, आणायची का जिलबी?"

इंग्लंडचा निकाल लागला होता. अमेरिकेतही तेच गाणं येणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. पण ही म्हणाली, "सोमवारी कळेल, बाबा. तोवर थांबायचं हं." वाट बघायला काहीतरी असलं की माणूस तग धरतो, असं तिला वाटलं.

"बरं. सोमवारी सांगजो," काका म्हणाले.

रविवारी सकाळी काका गेले.

मला त्या अटीचा अजून संताप येतो. आधी सांगून टाकलं असतं तर कुठे आभाळ कोसळणार होतं? पण तिला हे कुठल्या तोंडाने म्हणू?

सोमवारी निकाल आला. तेच गाणं. मी तिच्याच घरी होते. तिने सवयीने काकांचा नंबर लावला आणि आशिषने उचलला.

"दोन्हीकडे एकच आलं रे," ती म्हणाली.



"ताई, घरात सुतक आहे गं. गोड आणता येत नाही."