मामांनी मोजलेली एकतीस पावले

जून महिन्याची चौदा तारीख, शुक्रवार, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. मी नांदेड जिल्ह्यातल्या लोह्यात, लोहाराच्या भात्यापाशी उकिडवा बसून कोळप्याच्या पासेला धार लागण्याची वाट पाहत होतो. वेळ नक्की आठवते, कारण साडेसातची एसटी चुकेल या काळजीने मी दर मिनिटाला घड्याळ बघत होतो. तेवढ्यात आदरणीय व्यंकटराव मामा दुकानात आले आणि त्यांनी हातातली लोखंडी जोडी लोहारापुढे ठेवली.

"मशिनीवर घासलंस ना?"

"लवकर पाहिजे म्हणलात, मामा. कसे चकाचक निघालेत बघा की."

"चकाचक निघाले अन् पाणी मेलं. टोक निळं पडलंय. वर गेल्यावर हे वाकलं तर झेलायला तू येतोस का?"

लोहार स्वतःच्या पोटावर थाप मारून म्हणाला, "ही गादी कशासाठी पाळलीय, मामा? पडा बिनघोर."

मामांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणारा हा अंक झाडकामाबाहेरची मंडळीही वाचतील, म्हणून सांगतो. ती जोडी म्हणजे झाडावर चढायचे काटे. पोटरीच्या आतल्या अंगाला पट्ट्यांनी बांधायची लोखंडी दांडी, तळव्याखाली कडी, आणि घोट्याजवळ खाली वळलेले एक टोक. ते टोक खोडात रोवायचे आणि त्यावर उभे राहायचे. टोकाला धार कानशीने, हातानेच द्यायची. मशिनीवर लोखंड तापते आणि त्याचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरते. हे सगळे मला पुढे कळले. त्या दिवशी एवढेच कळले की एक वृद्ध गृहस्थ माझ्या पायांकडे बघत आहेत. त्यांनी खिशातून सुतळी काढली, माझ्या टाचेपासून गुडघ्याच्या खाली दोन बोटांपर्यंत माप घेतले, गाठ मारली. मग दुसऱ्या पायाचे वेगळे माप घेतले आणि वेगळी गाठ मारली.

"चढतोस का?"

"मला भीती वाटते," मी खरे ते सांगितले.

"मग ये उद्या."

लोहाराने विचारले, "अन् न भेणारे?"

"न भेणारे लई आले. आता काठ्या टेकून राहिलेत."

माझी एसटी चुकली. दुसऱ्या दिवसापासून मी मामांचा झालो.

मी नववीपर्यंत शिकलेला. मामांना अक्षरओळख नाही. त्यामुळे हिशेबाची वही, झाडांची नावे, कुठल्या झाडाला कुठले काटे, हे सगळे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. जाड, भेगाळ सालीच्या बाभळीला आणि निंबाला तीन बोटे लांब टोक, कारण आखूड टोक सालीतच अडकते आणि सालीसकट निसटते. निलगिरीसारख्या पातळ सालीला दीड बोट पुरे. दांडी गुडघ्याला टेकली तर चढताना हाड सोलते, फार खाली राहिली तर घोटा मुरगळतो. मामा सांगत, मी लिहीत असे. पण काटे मात्र त्यांनी मला दिले नाहीत. चार वर्षे मी दोर धरला, शिडी धरली, दोराने चढलो, फांद्या उतरवल्या. स्वतःच्या काट्यांची जोडी मिळावी, एवढी एकच इच्छा मला होती. मी दर सोमवारी विचारी. "दम धर," एवढेच उत्तर येई.

त्यांचा एक नियम नांदेडपासून लातूरपर्यंत सगळ्या ठेकेदारांना ठाऊक आहे. काटे फक्त वाळलेल्या किंवा पाडायच्या झाडाला. जे झाड उभे राहणार आहे त्याला दोर आणि शिडी, मग वेळ कितीही लागो. रस्त्याकडेच्या चिंचांच्या फांद्या उतरवायच्या होत्या, तेव्हा एक ठेकेदार वैतागून म्हणाले, "मामा, काटे घातले असते तर एका दिवसात उरकलं असतं. झाडाला काय दुखतंय का?"

"दुखतंय का ते मला ठाऊक न्हाई, साहेब," मामा म्हणाले. "पण ते ध्यानात ठेवतंय."

ठेकेदार हसले. मीही थोडा हसलो होतो. काम तीन दिवस चालले.

माझी आई नांदेडला दवाखान्यात होती, तेव्हा मामा आठ दिवस रोज सकाळी सहाच्या आत दुधाची किटली घेऊन पायरीवर हजर असत. बसल्या बसल्या कानशीने काटे घासत. तिसऱ्या दिवशी पहारेकरी म्हणाला, "बाबा, हत्यार घेऊन इथं बसू नका, पेशंट भेतात." मामांनी काटे पिशवीत घातले आणि त्यालाही कपभर दूध दिले. चौथ्या दिवसापासून तो पहारेकरीच त्यांच्यासाठी पायरी झाडून ठेवी. आईला घरी आणले त्या दिवशी मी आभार मानायला गेलो. मामा म्हणाले, "घरी बसून तरी काय केलं असतं? काटेच घासले असते."

आता किनवटची गोष्ट सांगतो. ती लिहावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. मामांना विचारले. ते म्हणाले, "लिही. पण वाढवून लिहू नको." म्हणून जसे घडले तसेच लिहीत आहे.

किनवटकडच्या एका आश्रमशाळेच्या आवारात पांढरूखाचे जुने झाड आहे. या झाडाला आपल्याकडे भुत्या म्हणतात. खोड चुना फासल्यासारखे पांढरे, साल कागदासारखी पातळ, आणि उन्हाळ्यात अंगावर एक पान नसते. त्याची एक वाळलेली फांदी वसतिगृहाच्या पत्र्यावर आली होती. सुट्टी संपून मुले यायच्या आत ती उतरवायची होती. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. वारा अजिबात नव्हता.

वसतिगृहाचे सर खोडावरच्या काळ्या गाठी दाखवून म्हणाले, "आमची पोरं ह्याला भुत्याची बटणं म्हणतात. अन् म्हणतात की कोणीतरी चढतंय. टक्, टक् वाजतं. पोरंच ती."

मामा एरवी कोणत्याही झाडापाशी गेले की आधी खोडाला कान लावतात आणि कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे मागच्या बोथट बाजूने, ठोकून बघतात. त्या दिवशी ते दहा पावले दूरच उभे राहिले. "झाड जितं हाय. दोरानं जा," मला म्हणाले. "अन् बाळ्या, टेप घेतलास का? बटणं मोजत जा. दोन बटणांतलं अंतर बी घे."

मी सुतळीला दगड बांधून फांदीवरून टाकला, दोर ओढला, कमरपट्टा बांधला. मामांनी खालचे टोक धरले. पहिली गाठ माझ्या गुडघ्याच्या उंचीवर होती. जवळून पाहिल्यावर कळले, ती जखम होती. कडा ओठांसारख्या मिटलेल्या. एक डावीकडे, एक उजवीकडे, अशा त्या वर गेल्या होत्या. कोणीतरी लांब काटे घालून या झाडावर चढले होते. झाड शेंड्याकडून वाढते, खोडावरची खूण जिथल्या तिथे राहते. म्हणजे ती पावले कितीही जुनी असली तरी तशीच होती.

मी मोजत, मापे घेत चढू लागलो. टेपवर मामांसाठी बोटांच्या खुणा केलेल्या होत्या. उजवे पाऊल सोळा बोटे. डावे अकरा. उजवे सोळा. डावे अकरा. दहाव्या पावलापाशी माझ्या लक्षात आले की ही चाल माझ्या ओळखीची आहे. चार वर्षे मी या चालीच्या मागून बांधाबांधाने चाललो होतो. मामांचा डावा पाय आखूड आहे.

विसाव्या पावलाच्या पुढे मला खालून आवाज आला. टक्. मी एक गाठ वर सरकलो. पुन्हा टक्. खोडाला लावलेल्या तळहाताला तो कळत होता. मी थांबलो, तो थांबला. खाली पाहिले. खोडावर कोणी नव्हते. मामा दोर धरून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

एकतिसाव्या गाठीनंतर खोडावर हातभर लांब ओरखडा होता, खाली घसरत आलेला. त्याच्या वर एकही खूण नव्हती. मी त्यावर बोट ठेवले. महिनाभर पाऊस नव्हता, बाकी सगळ्या खुणा कोरड्या होत्या, आणि ही ओली होती. बोटाला डिंक लागला.

फांदी मी तुकड्या-तुकड्याने दोराने उतरवली. एक पत्रा हलला नाही. खाली आलो तेव्हा मी काही बोलण्याच्या आधीच मामा म्हणाले, "एकतीस. हाव का न्हाई?"

"हाव, मामा."

"अन् डावं?"

"मामा, ते..."

"खरं सांग. माझ्या मनासाठी सांगू नको."

"उजवं सोळा, डावं अकरा. शेवटपर्यंत."

ते खाली बसले. मला म्हणाले, "बस." मग सांगितले. बाविसाव्या वर्षी डिंकासाठी ते या झाडावर चढले होते. पातळ सालीला तीन बोटांचे काटे घालून, जित्या झाडावर. साल कागदासारखी सोलली आणि ते पडले. डावा पाय मोडला तो तिथे, आणि आखूड झाला तो तेव्हापासून.

मी मनात दोनदा तपासून पाहिले, मग विचारले, "पण मामा, चढताना तुमचा पाय धड होता ना?"

"धड होता."

"मग चढतानाचं डावं पाऊल आखूड कसं?"

"बाजेवर घालून नेताना म्या उताणा पडून बघितलं होतं. तवा बी डावं आखूडच दिसलं," मामा म्हणाले. "वाटलं, दुखण्यानं डोळे फिरले. पन्नासावर वरसं झाली, कोणाला मोजायला सांगितलं न्हाई. चढणारे लई होते. मोजून खरं सांगणारा नव्हता." मग म्हणाले, "लोक म्हणतात, व्यंकटराव झाडावर दया करतो. दया कसली बाबा? मी भेतो."

अंकात अनेकजण मामांच्या वृक्षप्रेमावर लिहितील. ते खरेच आहे. पण जो माणूस स्वतःच्या भीतीला दया म्हणवून घेत नाही, त्याची थोरवी मला अधिक वाटते. एका चुकीपायी त्यांनी पन्नास वर्षांत दुसऱ्या जित्या झाडाला टोक लावले नाही, आणि आम्हालाही लावू दिले नाही.

पुढच्या सोमवारी त्यांनी मला लोहाराकडे बोलावले. तीन जोड्या मांडलेल्या होत्या. "उचल."

"झाड कोणतं?" मी विचारले.

लोहार म्हणाला, "घ्या! पोरगं घोडं बघायच्या आधी वरात कुठं जायची ते विचारून राहिलंय."

"वाळली बाभूळ," मामा म्हणाले.

मी लांब टोकाची जोडी उचलली. टोक निळे नव्हते. दांडी पायाला लावली तर बरोबर गुडघ्याखाली दोन बोटांवर आली. चार वर्षांपूर्वीची दोन गाठींची सुतळी मामांनी खिशातून काढून दाखवली. माझी जोडी त्याच मापाची केली होती. त्या दिवशी त्यांनी एकच अट घातली. पाडलेल्या प्रत्येक खोडावर, तुकडे करायला करवत लावायच्या आधी, स्वतःची पावले मोजायची आणि संध्याकाळी फोनवर सांगायची.

"सारखी?" ते विचारत.

"सारखी, मामा." असे दीड वर्ष चालले.

गेल्या महिन्यात लातूरच्या रस्त्यालगत एक वाळलेली बाभूळ पाडली. मोजली. उजवे पंधरा बोटे, डावे चौदा. पुन्हा मोजली. रात्र होईपर्यंत मी सांगणे टाळू शकलो असतो, पण दुपारीच फोन लावला. मामा दूधवाल्याच्या मोटारसायकलवर बसून आले. आता त्यांना बारीक दिसत नाही, म्हणून त्यांनी पडलेल्या खोडावर बोटांनीच चाचपून सगळी पावले मोजली. मग सुतळी काढली आणि माझे दोन्ही पाय मापले.

"पाय सारखे हायत," म्हणाले. "अजून. माझे बी चढताना सारखेच होते."

मग माझ्यापुढे वाकून त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या पट्ट्या सोडल्या. "सहा महिने जमिनीवर. रुसायचं न्हाई."

मी रुसलो नाही. ज्या जोडीसाठी चार वर्षे वाट पाहिली ती आता मामांच्या घरी खुंटीला आहे. हा लेख मी जमिनीवर बसून, सावकाश लिहिला आहे.

मामांचे हात असेच स्थिर राहोत, बोटांना माप कळत राहो, गुडघे त्यांना त्रास न देवोत आणि आणखी पुष्कळ वर्षे लोहाराशी त्यांचे भांडण चालत राहो. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावे, ही प्रार्थना मी मनापासून करतो. त्यात अर्धा स्वार्थ माझा आहे, हेही लिहून ठेवतो. कारण मी चढत नसलो तरी संध्याकाळी त्यांचा फोन येतो. त्याआधी मी अंगणात पाणी शिंपडून ओल्या मातीवरून चालतो आणि टेप लावतो.

"सारखी?"

"सारखी, मामा."

"उद्या परत मोज," ते म्हणतात, आणि मग मला झोप लागते.