फ्रान्सची खुर्ची

बासष्ट साली नांदुऱ्याच्या शाळेत मॅट्रिकच्या वर्गात मुलगी एकच होती, पंचफुला. पोरं तिच्याशी बोलत नोते. रागानं नाही, बोलावं कसं हेच कोणाले ठाऊक नोतं.

त्या साली तिकडं जिनेव्हाले अणुबॉम्ब बंद करायची अठरा देशांची बैठक भरली होती. भूगोलाच्या सरांनी तीच बैठक वर्गात भरवायची ठरवली. चिठ्ठ्या टाकल्या. शेषरावले रशिया आला, हबीबले इजिप्त, पंचफुलाले फ्रान्स. तिनं भाषण लिहिलं, गोठ्यात म्हशीपुढं म्हणून पाह्यलं. वर्गासमोर ती पहिल्यांदाच बोलणार होती.

बैठकीच्या दिवशी सर म्हणाले, "फ्रान्स तिथं गेलाच नाही. त्याची खुर्ची रिकामी आहे. तू व्हरांड्यात बस."

ती बसली. आत करारावर सह्यांची वेळ आली अन् पोरं अडली. आपल्याकडं लग्नात एखादा भाऊबंद रुसून बाहेर बसला, तर त्याले आणल्याशिवाय पंगतीत कोणी घास उचलत नाही.

शेषराव म्हणाला, "सर, फ्रान्स रुसून बसला अन् आपण सह्या करून राह्यलो. बरं दिसत नाही."

"अरे, ही काय पंगत आहे?"

"मंग उद्या तोच बॉम्ब फोडीन ना."

हबीबले मनवाले धाडलं. तो खांबाकडं पाहत म्हणाला, "फ्रान्स, चालता का? तुमच्यावाचून अडून राह्यलं."

तिले बोलवाले कोणी आलं, ते पहिल्यांदाच. भाषण मुठीत धरून ती उठली. दारात सर उभे होते.

"नाही म्हण," ते हळूच म्हणाले. "फ्रान्स आला नव्हता."

"फ्रान्स येत नाही," पंचफुला म्हणाली.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सह्या झाल्या. वर्गासमोर ती तेवढंच बोलली.

परीक्षेआधीच तिचं लग्न लावून तिले बीबी गावाले देऊन टाकलं. भरल्या घरात ती कामापुरतं बोले. काही वर्षांनी नणंदेच्या लग्नात तिचा दीर कडूबा आहेरावरून रुसला अन् मांडवाबाहेर जाऊन बसला. पंगत अडली.

"जाय वं," सासू म्हणाली, "तूच शिकेल हायेस."

पंचफुला जाऊन त्याच्या बाजूले भुईवर बसली. तिनं इचारलं, "भाऊजी, तुम्हाले आत काही बोलायचं होतं का?"

"मले? काई नाई."

"मंग उठा. मले होतं."

कडूबाले काही समजलं नाही, पण तो उठला. पंगत बसली. पंचफुला मांडवाबाहेरच बसून राह्यली, अन् तिच्यासाठी कोणाचा घास अडला नाही.