क्लच जड हाय

आमच्या कारेगावच्या मेकॅनिकला हौशी लोकांच्या मातीवरच्या शर्यतीत उतरायचंय, म्हणून तीन वर्षं तो जुनी गाडी शोधतोय. दर रविवारी मला सोबत ओढतो. बॉनेट उघडत नाही, टायर बघत नाही. सीटवर बसतो, डाव्या पायानं क्लच दाबतो आणि आठ्या घालून उतरतो.

"न्हाई. क्लच जड हाय."

काल पाटसला एक छोटी, हलकी, शर्यतीसाठीच जन्मल्यासारखी गाडी मिळाली. तिलाही त्यानं तेच म्हटलं. मी वैतागून स्वतः बसलो आणि क्लच दाबला. हाताच्या अंगठ्यानंही दबला असता.

तो दारात उभा होता, डावा गुडघा दोन्ही हातांनी घट्ट धरून.

"जडच हाय ना?"

"व्हय गड्या," मी म्हणालो. "लईच जड हाय. पुढच्या रविवारी सणसवाडीला बघू."