कमलबाईंचा कॉल वाचणारा फोन

"आलं काय वो मॅडम?"

कमलबाईंनी फोन काउंटरवर ठेवला. मी मान हलवली. नाही.

"मंग अपडेट काहून आला? सकायपासून फोन नुसता गोल गोल फिरून राह्यला होता. मले वाटलं, आता आलंच."

अपडेट आला होता हे खरं. अपडेट म्हणजे कंपनीनं फोनच्या आतल्या यंत्रणेत इंटरनेटवरून पाठवलेली दुरुस्ती. त्यात सुरक्षेचं काहीतरी होतं, कॅमेऱ्याचं काहीतरी होतं, घड्याळाचे नवे आकार होते. कमलबाईंना हवं होतं ते नव्हतं.

मी वाशीमला रिसोड नाक्याजवळ एका मोबाइल कंपनीचं सर्व्हिस सेंटर चालवते. फोन आम्ही विकत नाही. दुसऱ्यांनी विकलेले, पडलेले, भिजलेले, बंद पडलेले फोन आमच्याकडे येतात. कंपनीशी आमचा करार असतो आणि तो ठरावीक मुदतीनं रिन्यू करावा लागतो.

त्या वर्षी आमच्याकडे वेगळ्याच तक्रारी यायला लागल्या. फोन चांगला असायचा, गिऱ्हाईक चिडलेलं असायचं. "एआय फोन म्हणून घेतला, एआय कुठं आहे?" एका फोटो स्टुडिओवाल्याला फोटोतली नको ती माणसं पुसून हवी होती. एका प्राध्यापकांना फोननं मीटिंगचा सारांश लिहून द्यायला हवा होता. जाहिरातीत हे सगळं होतं. फोनमध्ये "लवकरच" होतं. मंडळी यायची, आम्हाला चार शब्द सुनावून जायची. त्यांचं त्यावाचून काही अडत नव्हतं.

कमलबाईंचं अडत होतं.

रिठदजवळ त्यांचं भाजीचं रान आहे. मेथी, पालक, वांगी, सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. नवरा गेल्यावर धंदा त्यांनीच उभा केला. बाजारात बसायचं सोडून त्या वाशीमच्या मेस आणि हॉटेलांना थेट भाजी पुरवायला लागल्या. ऑर्डर फोनवर घ्यायच्या, भाव फोनवर करायचा, घासाघीसही फोनवरच. मग एका तापात कान गेले. डॉक्टरांनी मशीन दिलं. समोरचा मोठ्यानं बोलला तर त्यानं थोडंफार कळायचं. फोनवर मात्र नुसती घरघर.

मग फोन मुलाकडे गेला. मुलगा संजय टेम्पो चालवतो. गाडी चालवताना ऑर्डर यायची, हो हो म्हणायचा आणि विसरायचा. मेथीऐवजी पालक जायचा. भाव तर तो करायचाच नाही, समोरचा म्हणेल तो घ्यायचा.

"पोरगा वाईट नाई," कमलबाई म्हणाल्या होत्या. "पन त्याले भाजी समजत नाई. मले समजते, तं मले आयकू येत नाई."

अशात त्यांना मोबाइलच्या दुकानाबाहेर बॅनर दिसला. एक म्हातारी हसते आहे, हातात फोन, आणि फोनच्या पडद्यावर मराठी अक्षरं. वर मोठ्यानं लिहिलेलं: आता कॉल वाचा, तुमच्या भाषेत. समोरचा बोलेल ते फोन लिहून दाखवणार. कमलबाई सातवीपर्यंत शिकलेल्या, वाचायला पक्क्या. त्यांनी तो फोन घेतला. आयुष्यातला सगळ्यात महाग फोन.

घरी आणून पाहिला तर त्यात ते नव्हतं. परत जाऊन विचारल्यावर विकणाऱ्यानं सांगितलं, पुढच्या अपडेटमध्ये येईल. तेव्हापासून दर अपडेटला त्या एसटीनं आमच्याकडे यायच्या.

त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलायला माझा फोन काढला. कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं. ते दाबून मी बोलले, "अजून कंपनीनं पाठवलं नाही." अक्षरं उमटली. मी फोन त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं, परत फोनकडे पाहिलं.

"हे तं होते! तुमी बोलल्या अन् यानं लिवलं. मंग फोनवर काहून होत नाई?"

प्रश्न बरोबर होता. मी पुन्हा माइकमध्ये बोलून उत्तर दिलं. समोरासमोरचा आवाज कुठलंही अ‍ॅप ऐकू शकतं. चालू कॉलमधला आवाज फोन कुठल्याही अ‍ॅपला देत नाही, नाहीतर कोणीही कोणाचं बोलणं चोरून ऐकेल. ते काम फक्त फोनची स्वतःची यंत्रणा करू शकते, आणि ती कंपनी पाठवणार तेव्हा.

"दोन फोन घेतले तर?" मी विचारलं. "एकावर कॉल स्पीकरवर ठेवायचा, दुसऱ्यानं ऐकून लिहायचं."

आम्ही करून पाहिलं. सेंटरमध्ये जमलं. कमलबाईंनी घरी जाऊन रानात करून पाहिलं. वारा, मोटारीचा आवाज, शेजारच्या बांधावरची हाकाटी. फोननं सगळंच लिहिलं. शिवाय त्यांचं म्हणणं असं, "एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्यात इळा. दोन फोन कोन्या हातात धरू?"

पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा नेहमीसारखं "आलं काय" विचारलंच नाही. खुर्चीत बसल्या.

"मेस गेली," त्या म्हणाल्या.

त्यांची सगळ्यात मोठी मेस. पोरांच्या जेवणाचा डबा चालवणारी. संजय दोनदा ऑर्डर विसरला, मेसवाल्यानं दुसरा भाजीवाला धरला. "म्या त्याले म्हनलं होतं, थोडं थांब, माह्या फोनमधे येऊन राह्यलं, मंग मीच बोलत जाईन तुह्याशी. थांबला बिचारा. किती थांबीन?"

त्या दिवशी मी जॉबशीट बनवली. जॉबशीट म्हणजे दवाखान्यातल्या केसपेपरसारखी. गिऱ्हाइकाची तक्रार काय, आम्ही तपासलं काय, निघालं काय. निदानाचे कोड ठरलेले असतात: डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग, साउंड, सॉफ्टवेअर. काहीच सापडलं नाही तर एनएफएफ. नो फॉल्ट फाउंड. दोष आढळला नाही. "जाहिरातीत आहे पण फोनमध्ये नाही" यासाठी कोड नव्हता.

अशा फोनला एनएफएफ टाकायचं, अशी वरून सूचना होती. एनएफएफ टाकलं की तिकीट, म्हणजे संगणकातली तक्रारीची नोंद, बंद होतं आणि कंपनीच्या हिशेबी तक्रार झालेलीच नसते. मी सॉफ्टवेअरचा कोड टाकला. तक्रारीच्या रकान्यात कमलबाईंचं म्हणणं लिहिलं: जाहिरातीत कॉल वाचता येतो म्हणून फोन घेतला, वाचता येत नाही. आणि तिकीट उघडं ठेवलं.

उघडं तिकीट जुनं झालं की साहेबांच्या पडद्यावर लाल होतं. आमचे एरिया सर्व्हिस मॅनेजर बोरकर सर नागपूरला बसतात. त्यांचा फोन आला.

"मॅडम, हे काय आहे? फोनमध्ये फॉल्ट काय?"

"फॉल्ट नाही सर. फीचर नाही."

"मग एनएफएफ टाका ना."

"सर, त्यांनी ज्या कामासाठी फोन घेतला ते काम होत नाही. 'दोष नाही' असं मी त्यांच्या सहीनं कसं लिहू?"

"रोलआउट फेज्डमध्ये आहे, त्यांना समजावून सांगा." म्हणजे फीचर टप्प्याटप्प्यानं देणार.

"त्यांना ऐकू येत नाही सर. म्हणूनच तर फोन घेतला."

"मी वाशीमला येतोय. बोलू."

बोरकर सर आले त्या दिवशी मी कमलबाईंना बोलावून घेतलं. सर माणूस वाईट नाहीत. दिवसभर लाल तिकिटं हिरवी करण्याचं त्यांचं काम, त्यांच्याही डोक्यावर कोणीतरी असतंच. मी माझा फोन माइक चालू करून टेबलावर ठेवला, म्हणजे सर बोलतील ते कमलबाईंना वाचता येईल.

"ताई, कंपनी त्यावर काम करते आहे," सर म्हणाले.

कमलबाईंनी वाचलं. "तारीख सांगा."

"तारीख आम्हाला पण देत नाहीत. पण कमिंग सून, शंभर टक्के."

कमलबाई पडद्यावर वाकल्या. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे वळल्या.

"सून कमी हाय म्हन्ते काय हा? मले तं एकच हाय. तिचं कायले मधात?"

मी फोन पाहिला. पडद्यावर होतं: कमी सून शंभर टक्के. मला हसू आवरेना. बोरकर सरांनीही वाचलं आणि त्यांचं तोंड लाल झालं. कमलबाईंना काय झालं ते कळलं तेव्हा त्याही हसल्या, पण लगेच थांबल्या. "तारीख," त्या परत म्हणाल्या.

सरांनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि बॅगेतून एक कागद काढला. विक्रीच्या वेळी ग्राहकाला फीचर उपलब्ध नसल्याची कल्पना दिली होती, असं त्यावर टाइप केलेलं होतं. खाली सेंटरच्या सहीची जागा.

"एवढी सही द्या. केस संपली."

"सर, विक्री दुकानात झाली. मी तिथे नव्हते."

"फॉर्मॅलिटी आहे मॅडम."

"त्या उद्या ग्राहक आयोगात गेल्या तर ही फॉर्मॅलिटी राहणार नाही."

सरांनी पेनचं टोपण लावलं, काढलं. "तुमचं रिन्यूअल जवळ आलंय ना?"

आलं होतं. सेंटरवर माझ्या घरासकट तीन घरं चालतात. मी घाबरले होते, हे कशाला लपवू? पण जे मी पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून लिहून देणं मला जमेना. मी कागद त्यांच्याकडे परत सरकवला. "मी तपासलेल्या फोनच्या कागदावर सही मागा, देते. ही नको."

आम्ही बाहेर आलो. कमलबाईंना आतलं काहीच ऐकू आलं नव्हतं, पण आमचे चेहरे त्यांनी वाचले असावेत. त्या उठल्या.

"चला सायेब. दाखोते."

"काय?"

"बॅनर. अजून लटकूनच हाय तो."

त्या चालायला लागल्या. सरांना मागे जावंच लागलं, मीही गेले. दुकान फार लांब नव्हतं. बॅनर उन्हानं विटला होता, म्हातारी मात्र अजून हसत होती. दुकानदार बाहेर आला आणि आम्हाला पाहून आधीच म्हणाला, "आमचं काई नाई सर, कंपनीनंच पाठवला. आमी फक्त ठोकला."

ठोकताना जागा कमी पडली म्हणून खालची पट्टी आत दुमडलेली होती. बोरकर सर खाली बसले आणि बोटानं दुमड सोडवली. बारीक अक्षरं होती: लवकरच, निवडक भाषांमध्ये.

कमलबाईंनी वाकून वाचलं. "हे वाचाले मानसानं रस्त्यावर लोटांगन घ्याचं काय, सायेब?"

सरांनी बॅनरचा फोटो काढला. आधी लांबून, मग त्या पट्टीचा. उठून गुडघे झटकले. दुकानदारानं चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही. जाताना मला एवढंच म्हणाले, "तिकीट उघडंच ठेवा. मी हे वर पाठवतो."

त्यांनी खरंच पाठवलं. नंतर बरेच दिवस काही झालं नाही. मी रोज सकाळी आधी ते तिकीट बघायचे. मग एक दिवस मेल आला. विशेष बाब म्हणून कंपनी फोन परत घेणार, पूर्ण किंमत देणार. चूक झाली असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. बॅनरही उतरला, आमच्या इथलाच नाही तर आसपासच्या तालुक्यांतलाही. माझा करार रिन्यू झाला, पण नेहमीपेक्षा उशिरा आणि कमी मुदतीचा. बोरकर सरांनी त्यासाठी कोणाशी काय बोलणं केलं, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

फोन परत करायला कमलबाई आल्या तेव्हा मला वाटलं होतं, आता भाजीचं कसं करणार म्हणून रडतील. त्या घाईत होत्या. खाली टेम्पो उभा होता.

"मेस अर्धी परत आली," त्या म्हणाल्या.

मी खुणेनंच विचारलं, कशी?

दुपारच्या जेवणाच्या ऐन गर्दीत त्या मेसच्या स्वयंपाकघरात गेल्या होत्या. ऑर्डर मेसेजवर लिहून पाठव, असं त्याला सांगितलं. मेसवाला म्हणाला, काकू, लिवाले मले टाइम नाई. त्यांनी त्याचाच फोन मागितला. त्यांच्या नावाचा मेसेज उघडायला लावला, कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबलं आणि फोन त्याच्या तोंडासमोर धरला.

"म्हनलं, बोल. काय पायजे ते बोल."

तो बोलला. उद्या मेथी, सांबार, वांगे. अक्षरं उमटली. त्यांनी पाठवायचं बटण दाबलं आणि ऑर्डर त्यांच्या कमरेच्या पिशवीतल्या फोनवर येऊन पडली.

"तो म्हन्ते, अरे, हे तं सोपं हाय! अन् भावबी तसाच केला मंग. तो बोलला, म्या वाचलं, म्या इकून सांगतलं."

मग त्या एकेका हॉटेलात गेल्या. काहींनी शिकून घेतलं. दोघातिघांनी "कोण करत बसेल" म्हटलं, त्यांचा नाद त्यांनी सोडला. पूर्वीचा सगळा धंदा काही परत आला नाही. पण जो आला तो त्यांच्या हातात होता. मी इतके दिवस त्यांच्या फोनमध्ये उपाय शोधत होते. त्यांनी तो गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये शोधला. आणि त्यासाठी साधा, स्वस्तातला फोनही पुरत होता. तसला एक त्यांनी घेतलाही.

ते फीचर शेवटी आलं. आधी इंग्रजी आणि हिंदीत, नंतर मराठीत. मी सेंटरमधल्या फोनवर ते तपासलं. पुण्याची मराठी त्याला बरी समजते, आमच्या बोलण्याला ते अडखळतं. मी कमलबाईंना मेसेज केला: आलं. त्यांचं उत्तर आलं: आता नको. मेथी पायजे असन तं लिवा.

आजही लोक काउंटरवर विचारतात, अमुक फीचर कधी येणार? कंपनीनं आम्हाला उत्तर देऊन ठेवलं आहे, लवकरच. मी ते देत नाही. मी सांगते, आज नाही, आणि येईल की नाही ते मला माहीत नाही. काही जण चिडतात. चिडू देत. पण "नाही" ऐकलेला माणूस त्याच दिवशी दुसरी सोय बघायला लागतो.